पेट्रोल टाकतो की!

"गाडी काढ की. पेट्रोल टाकतो मी."

आमच्या माण तालुक्यात ज्याच्या दारात व्हॅन उभी आहे, त्यानं हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा जात नाही. म्हणणारा माणूस वाईट नसतो. त्याच्या मते तो रोखठोक व्यवहार करत असतो. फुकट नेतोय का? पेट्रोल टाकतोय की! गाडीवाल्यालाही ते पटतं, कारण गाडीचा खर्च म्हणजे पेट्रोल, असंच त्यालाही वाटत असतं. बाकीचा खर्च दिसत नाही. तो गाडीच्या पोटात साठत राहतो आणि एक दिवस एकदम बाहेर येतो. त्या दिवशी पेट्रोल टाकणारा जवळपास कुणी नसतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. 'व्हॅनला खर्चच काय?' ही आमच्या खेड्यापाड्यांतली फार महाग पडलेली थाप आहे. ती जुन्या गाड्यांचा एजंट मारतो, कर्ज देणारा मारतो, भाऊबंद मारतात. तिची किंमत मात्र एकाच घराच्या खिशातून जाते. हे मी रागानं लिहितोय हे खरं, पण वही समोर ठेवून लिहितोय.

शहरातल्या वाचकाला व्हॅन म्हटलं की शाळेची पोरं कोंबलेली गाडी आठवते, नाहीतर जुन्या हिंदी सिनेमात हिरोईनला पळवून नेणारी. आमच्याकडं तिचा इतिहास वेगळा आहे. मारुतीची व्हॅन 1984 साली बाजारात आली, पुढं तिला ओम्नी म्हणू लागले. 800 गाडीचंच 796 सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली बसवलेलं. आमच्या गावात ती पोचेपर्यंत नव्वदचं दशक संपत आलं होतं, आणि पोचली तीही पुण्या-मुंबईत वापरून झालेली. पण आली ती राहिली. दार सरकवायचं असल्यामुळं अरुंद बोळात उभी करून आजारी माणसाला आडवं आत घेता यायचं. मागची सीट काढली की डाळिंबाची क्रेट बसायची, शेरडं बसायची, पेंडीची पोती बसायची. सीट लावली की वऱ्हाड. एकच गाडी सकाळी बाजाराची, दुपारी दवाखान्याची आणि रात्री म्हसवडच्या जत्रेची. जीप घ्यायची ऐपत नसलेल्या माणसालाही ती घेता आली. 2005 ला छोटा हत्ती आला, मागून मॅजिक आली, 2010 ला ईको आली. गाड्या बदलल्या, वाक्य तेच राहिलं.

आमच्या घरात दोन व्हॅन झाल्या. पहिली 2003 साली घेतलेली जुनी, दुसरी 2012 साली घेतलेली नवी कोरी. त्या कुठल्या कंपनीच्या ते सांगत नाही, कारण माझी तक्रार यंत्राविषयी नाहीच. दोन्ही गाड्यांनी आपलं काम इमानानं केलं. इमान कमी पडलं ते माणसांचं.

आमचे आण्णा विकास सोसायटीचे गटसचिव होते. उभा जन्म दुसऱ्यांची खाती लिहिण्यात गेला. नवी व्हॅन दारात आली त्याच दिवशी त्यांनी दुकानातून शंभर पानी वही आणली, वर हळदकुंकू लावलं आणि 'गाडी खाते' असं लिहिलं. ती वही आजही घरात आहे. तिच्यातलं 2013-14 चं पान वाचकांपुढं ठेवतो.

त्या वर्षात गाडी 18,000 किलोमीटर चालली. आमच्या रस्त्याला तिनं लिटरला 15 चा ॲव्हरेज दिला, म्हणजे 1,200 लिटर पेट्रोल. लिटरला सरासरी 80 रुपये धरून 96,000 रुपये. इथवर सगळ्या गावाला कळतं. आता पुढं वाचा. विमा 8,000. ऑइल आणि फिल्टर 4,000. टायरांचा त्या वर्षाचा वाटा 5,000. बॅटरीचा वाटा 1,000. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, शॉकअब्सॉर्बर, बुश, बेअरिंग आणि मिस्त्रीची मजुरी मिळून 15,000. कर्जाचं व्याज, आठ वर्षांवर वाटून, 12,000. आणि सगळ्यांत खाली, लाल शाईनं, 'घसारा 28,000'.

हा शेवटचा शब्द गावात फक्त आण्णांना ठाऊक होता. आमचे चुलते वही बघून म्हणाले, "आण्णा, ह्यो घसारा कुणाला दिला?"

"कुणाला न्हाई. गाडीनं खाल्ला."

"म्हंजी?"

"तीन लाख चाळीस हजाराला आणली. आठ वर्सांनी इकाय काढली तर लाख-सव्वालाख येत्याल. मदलं सव्वादोन लाख कुठं गेलं? रोज थोडं थोडं झिजलं. झिजताना आवाज येत न्हाई, म्हणून तुला दिसत न्हाई."

एकूण बेरीज 1,69,000. भागिले 18,000. किलोमीटरला 9 रुपये 39 पैसे. त्यात पेट्रोल फक्त 5 रुपये 33 पैसे. वरचे चार रुपये सहा पैसे दर किलोमीटरला गाडीवाल्याच्या अंगावर. आमच्या गावापासून सातारा 75 किलोमीटर. जाऊन-येऊन दीडशे. 'पेट्रोल टाकतो' म्हणणारा 800 रुपये टाकतो आणि मिशीवर हात फिरवतो. खरा खर्च 1,400 चा असतो. सहाशे रुपये गाडीवाला स्वतःच्या खिशातले घालतो, वर दिवसभर स्टेअरिंग धरतो, सिव्हिलच्या बाहेर डास मारत बसतो, तो दिवस तर कुठंच लिहिलेला नाही. माणच्या कोरडवाहू रानात सहाशे रुपये वाचवायला काय करावं लागतं ते शहरातल्या वाचकानं एकदा येऊन बघावं.

कुणी म्हणेल, एवढा हिशोब कशाला? गाव म्हटलं की एकमेकांच्या अडीअडचणीला धावायचं असतं. बरोबर आहे. म्हणूनच आण्णांनी वहीत तीन रकाने पाडले होते. घरची आणि रानाची कामं 9,500 किलोमीटर. दवाखाना, बाळंतपण आणि मयत 2,000 किलोमीटर. उरलेले 6,500 किलोमीटर सुपारी फोडायला, साखरपुड्याला, पाहुण्यांना फाट्यावरून आणायला, शिंगणापूरला, गोंदवल्याला आणि कुणाच्या जावयाची समजूत काढायला.

मधला रकाना बघा. दोन हजार किलोमीटरला वरचे चार रुपये धरले तर आठ हजार होतात. त्याबद्दल आमच्या घरात कधी कुणी चकार शब्द काढला नाही. 2015 च्या पावसाळ्यात वस्तीवरच्या एका पोराला शेंगा उपटताना घोणस चावली. 108 ची सेवा राज्यात 2014 च्या जानेवारीत सुरू झाली होती, पण साऱ्या महाराष्ट्राला मिळून गाड्या 937. सापाचं विष त्या आकड्याकडं बघत थांबत नाही. दारातली गाडी सगळ्यांत जवळची. थोरला भाऊ बनियनवरच उठला. पोराला मागं आडवं घातलं, त्याच्या आईला शेजारी बसवलं, पाय हलू देऊ नका म्हणून बजावलं आणि आधी दहिवडी, मग सातारा. पोरगं वाचलं. आज ते कराडला शिकतंय. त्या खेपेचे पैसे आम्ही मागितले नाहीत आणि कुणी देऊ केले असते तर आईनं ते परत केले असते.

पण तिसऱ्या महिन्यात त्याच घरातला एक माणूस दारात आला. "वैनी, पावण्याकडं सुपारीला जायचंय सोलापूरला. आठ-दहाजणं हावं. गाडी द्या, पेट्रोल टाकतो की!" माझा झगडा आहे तो इथं. अडीनडीच्या दोन हजार किलोमीटरचा आडोसा करून हौसेचे साडेसहा हजार किलोमीटर काढून घेतले जातात. त्या साडेसहा हजाराचे वरचे चार रुपये मोजा. 26,000 होतात. एका वर्षाला एका घरानं गावाच्या हौसेसाठी 26,000 रुपये दिले, आणि देणगीदारांच्या पाटीवर नाव कुणाचं, तर देवळाला पंखा देणाऱ्याचं.

आता भरवशाविषयी. गाडी भरवशाची आहे का, हा प्रश्न सगळेच विचारतात. शहरात याचा अर्थ असा की गाडी बंद पडू नये, आणि पडलीच तर फोन केल्यावर कंपनीचा माणूस यावा. आमच्याकडं भरवसा म्हणजे रात्री दोन वाजता किल्ली फिरवली की पहिल्या दणक्यात इंजिन लागलं पाहिजे. मोडलं तर पार्ट दहिवडीत किंवा म्हसवडला मिळाला पाहिजे. आणि तो पार्ट लिंबाच्या सावलीत बसून घालता आला पाहिजे. या तिन्ही गोष्टींत व्हॅननं आम्हाला दगा दिला नाही. दगा दिला तो रस्त्यानं आणि बसणाऱ्यांनी.

फाट्यापासून गावापर्यंतचा आमचा रस्ता म्हणजे अर्धा मुरूम आणि अर्धी उखडलेली खडी. उन्हाळ्यात पुढच्या गाडीचा फुफाटा खात जायचं. तो सगळा एअर फिल्टरमध्ये जातो. फिल्टर तुंबला की इंजिन दमेकऱ्यासारखं ओढतं आणि पेट्रोल जास्त पितं. गाडीबरोबर जे पुस्तक मिळतं, त्यात धुळीत आणि खराब रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचं ऑइल, फिल्टर लवकर बदला असं स्वच्छ लिहिलेलं असतं. ते पान आमच्या पंचक्रोशीत किती जणांनी उघडलंय? पुस्तक डॅशबोर्डाच्या कप्प्यात, वर देवाचा फोटो. मग सात जणांच्या गाडीत बारा माणसं बसतात. ओढ्याच्या चढाला पहिला गिअर, क्लचवर अर्धा पाय, घोंगावणारं इंजिन. क्लच प्लेट जळाल्याचा वास आला की आतले बाराही जण म्हणतात, "गाडी फुकट हाय तुमची." आमचा मिस्त्री म्हणायचा, "गाडी मरत न्हाई दादा, मारत्यात." चाळीस वर्षं गाड्यांखाली झोपलेल्या माणसाचं हे मत आहे. त्यावर मला जास्त काही लिहायचं नाही.

हिशोब न करण्याचा शेवट कुठं होतो ते आमच्याच आळीनं बघितलं. एका पोरानं वडापसाठी व्हॅन घेतली. बारावी झालेला, निर्व्यसनी, कष्टाळू. रोज संध्याकाळी गल्ला मोजायचा. पंधराशे आले, सातशेचं पेट्रोल, आठशे सुटले. आठशे सुटले की तो आणि त्याचं घर खूश. कर्ज देणाऱ्यानंही त्याला हेच गणित घालून दिलं होतं. कागदावर पेट्रोल होतं, हप्ता होता आणि 'निव्वळ नफा' होता. टायर नव्हते, क्लच नव्हता, इंजिनकाम नव्हतं, आषाढातले रिकामे दिवस नव्हते आणि घसारा तर नव्हताच. तिसऱ्या वर्षी चार टायर, बॅटरी आणि इंजिनकाम एकाच महिन्यात उभं राहिलं. आठशे रुपये रोजच्या मिठामिरचीत कधीच संपलेले. दोन हप्ते चुकले, मग तिसरा. एक दिवस फाट्यावर चार माणसं आली, आतली पाशिंजरं खाली उतरवली आणि गाडी घेऊन गेली. पोरगं गाडीमागं पळालंसुद्धा नाही. पुढं वीस गुंठे रान गेलं आणि तो गलाईच्या कामाला दक्षिणेत गेला, तो तिकडंच आहे. गावानं निकाल काय दिला? 'गाडी लाभली न्हाई.' ज्यांना भागाकार करायचा नसतो त्यांना लाभ-अलाभ फार सोयीचा पडतो.

याच न मोजलेल्या खर्चापायी लोक भलत्या वाटेला लागतात. घरगुती सिलिंडरमधला गॅस मोटार लावून गाडीच्या टाकीत भरतात, आणि त्याच गाडीत सकाळी शाळेची पोरं बसतात. टायरची जाळी दिसेपर्यंत तोच टायर चालवतात. खाजगी नंबराच्या गाडीत भाड्याची माणसं भरतात. खाजगी विम्याच्या कागदावर भाड्याच्या वापराला मनाई असते, ती बारीक अक्षरं अपघातानंतर पहिल्यांदा वाचली जातात. तेव्हा जखमी माणूस गावचाच असतो आणि भरपाई मागायची असते तीही गावच्याच माणसाकडून. पिढ्यान्‌पिढ्यांची भावकी अशी कोर्टाच्या पायरीवर तुटलेली मी बघितली आहे.

व्हॅनची बाजू घेताना तिचं उणं लपवायचं नाही. जुन्या व्हॅनमध्ये चालवणाऱ्याच्या गुडघ्यापुढं पत्र्याशिवाय काही नसायचं. सुरक्षेचे नवे नियम आले आणि त्यात बसत नाही म्हणून 2019 साली ओम्नी बनवणं थांबलं. ते योग्यच झालं. पण जुनी गाडी रस्त्यावरून काढा म्हणणाऱ्या शहरातल्या मंडळींनी एवढं तरी सांगावं, की फाट्याच्या आतल्या माणसानं मग जायचं कशानं? आमच्या गावाला पूर्वी मुक्कामाची बस यायची. रात्री देवळापुढं उभी राहायची, सकाळी सहाला सुटायची. ती बंद झाली. 2021 च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला तो पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा परीक्षेची पोरं आणि डायलिसिसची माणसं कुणी वाहिली ते साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. 2023 च्या मार्चपासून बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं, चांगलंच झालं. माझी आई त्या तिकिटावर पंढरपूर करून आली. पण त्या अर्ध्या तिकिटासाठी आधी फाट्यापर्यंत पोचावं लागतं. तेवढा मधला रस्ता आजही कुणाच्या तरी दारातली व्हॅनच चालते, आणि रस्ता, दवाखाना, बस या सगळ्यांचं उणं त्या एका घराच्या वहीत घसारा म्हणून पडतं.

आणि खर्च तिथंच थांबलेला नाही. 2021 मध्ये पेट्रोलनं शंभरी ओलांडली. 15 वर्षं झालेल्या खाजगी मोटारीची नोंदणी पुन्हा करायची फी 1 एप्रिल 2022 पासून 600 ची 5,000 झाली. विमा, टायर, ऑइल, मजुरी, सगळं वर गेलं. मागणाऱ्याचं वाक्य मात्र जागचं हललं नाही.

आण्णांनी यावर जे केलं ते अजून काही लोकांच्या पोटात दुखतं. 2014 च्या दिवाळीनंतर त्यांनी वहीतलं ते पान मोठ्या अक्षरात कार्डशीटवर उतरवलं आणि सोप्याच्या भिंतीला लावलं. गाडी मागायला जो येईल त्याला चहा द्यायचा आणि चहा होईपर्यंत म्हणायचे, "वाचा तेवढं." हौसेच्या कामाला गाडी द्यायची बंद केली. फाट्यावर पिवळ्या पाटीच्या गाड्या उभ्या असतात, परमिट आहे, भाड्याचा विमा आहे, त्या करा म्हणून सांगायचे. गाव चिडलं. "सचिव ऱ्हायला, माणूस गेला," इथवर बोलणी झाली. दोन घरांनी लग्नाची पत्रिका दिली नाही. आईनं मात्र एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद केली : "दवाखान्याला रातीच्या कवाबी उठवा, लग्नाला उठवू नका."

वर्षभरात बोलणी थांबली. पुढच्या वर्षी पहिला रकाना तेवढाच राहिला, मधला थोडा वाढला, तिसरा साडेसहा हजारावरून नऊशेवर आला. माणुसकी कमी झाली असती तर मधला रकाना आधी आटला असता. गाडी कमी पळाली म्हणून कमी मोडली, आणि रात्री-अपरात्री ज्याला खरी गरज होती त्याला ती धडधाकट मिळाली. ती आजही दारात उभी आहे.

म्हणून वाचकांना माझं सांगणं आहे. पिवळ्या पाटीची गाडी केलीत तर 'पेट्रोल किती लागतं?' असं विचारून भाडं पाडू नका. त्याच्या भाड्यात टायर आहे, परमिट आहे, पासिंग आहे, त्याच्या पोराची फी आहे. शेजाऱ्याची गाडी अडीनडीला घेतलीत तर वर्षाला एकदा तिच्या टायरकडं बघा आणि एखादा टायर, एखादी बॅटरी आपणहून घालून द्या. कर्ज देणाऱ्यांनी पोरांना गणित घालून देताना घसाऱ्याची ओळ लिहावी, नाहीतर त्या कागदावर 'नफा' हा शब्द लिहू नये. आणि ज्याच्या दारात गाडी आहे त्यानं उद्या सकाळी एक वही आणावी. तीन रकाने पाडावेत. वर्षाच्या शेवटी बेरीज करावी, भागाकार करावा आणि तो आकडा घरातल्या सगळ्यांना, बायकापोरांसकट, मोठ्यानं वाचून दाखवावा. मग कुणी दारात येऊन म्हणालं, "पेट्रोल टाकतो की," तर भांडायचं कारण नाही. वही त्याच्या हातात द्यायची आणि चहा ठेवायचा.